अर्धा ठिपका

ही गोष्ट एकोणीसशे बासष्टची. साल पक्कं सांगता येतं, कारण त्याच साली फोटोवाल्यांच्या दुकानाचं काचेचं छप्पर गारांनी फुटलं, आणि पुढचे दोन महिने डोळेवाली छत्रीखाली बसून मेलेल्या माणसांचे डोळे उघडत होती.

तिला नाव होतं, पण गल्लीत ते कुणाच्या लक्षात नव्हतं. त्या काळी बऱ्याच माणसांचा पहिला फोटो ती गेल्यावरच निघायचा. जिवंतपणी "काढू की, घाई काय आहे" असं म्हणत चाळीस-चाळीस वर्षं निघून जायची, आणि मग एक दिवस फोटोवाल्यांना कॅमेरा, तिपाई घेऊन घरी बोलवणं यायचं. फोटो यायचा मिटलेल्या डोळ्यांचा. तसा फोटो भिंतीवर लावायची कुणाची छाती होत नसे. मग तो डोळेवालीच्या टेबलावर यायचा. ती पात्याच्या टोकाने कागदावरच्या पापण्या हलक्या हाताने खरवडायची, आत फिक्या चहाच्या रंगाचं पांढरं भरायची, त्यावर बुबुळ, बुबुळात काळं, आणि सगळ्यात शेवटी तीन केसांच्या कुंचल्याने उजेडाचा एक ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत ते चित्र असायचं. पडला की माणूस बघायला लागायचं. मग ती उजव्या हाताचा अंगठा फडक्याला पुसायची. अंगठ्याला रंग लागलेला नसला तरी पुसायची.

कामाआधी ती घरच्यांना विचारायची, "डोळे कसे होते हो त्यांचे?"

"कसे म्हणजे? दोन होते," एक बाई म्हणाली होती. पंचेचाळीस वर्षांचा संसार झालेला.

"घारे? काळे? बारीक, मोठे?"

बाईंनी बराच विचार केला. "आता काय सांगू तुम्हाला. मान वर करून बघायला सवड कधी झाली?"

सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच. त्यामुळे डोळेवाली तिच्या हाताला येतील ते डोळे काढायची, आणि फोटो बघून घरचे तोंडावर हात ठेवून म्हणायचे, "अगदी तेच! हुबेहूब!"

"वहिनी," फोटोवाले दम्याच्या धापेतून हसत म्हणायचे, "आपलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन कधी परत येत नाही. एवढं सुख दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे, सांगा."

डोळेवालीचा नवरा छापखान्यात प्रुफं तपासायचा. त्याला सगळे 'खाडाखोड' म्हणत. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की दुकानाची पाटी, पेन्सिल खिशातून बाहेर आल्याशिवाय राहायची नाही. जिभेवर साखर ठेवली तर हा आधी साखरेतला खडा शोधेल, असं त्याची आईच म्हणायची. देवाधर्माचं कुणी काही काढलं की हा म्हणायचा, "आधी मूळ प्रत दाखवा. मग बोलू."

कुलुपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. नवरा, बायको, सासूबाई. टेबलाला मात्र चार खुर्च्या. चौथी ठकीची. पाळण्यातलं नाव दुसरंच, पण बाहुलीएवढी होती म्हणून ठकी. अठ्ठावन्न साली तीन दिवसांच्या तापात ती गेली. साडेसहा वर्षांची होती. चार वर्षं झाली, त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं आणि ती तिथून कुणी हलवतही नव्हतं. कुणी तिचं नावही घेत नव्हतं. सासूबाई तिच्यावर वाचून झालेलं वर्तमानपत्र ठेवायच्या, इतकंच.

ठकीचाही एकच फोटो होता. फोटोवाल्यांनी त्या सकाळी येऊन काढलेला. तो पाकिटातून आला, आणि पाकीट न उघडताच डोळेवालीच्या कपाटाच्या तळाशी गेला. गावातल्या सगळ्यांचे डोळे तिने उघडले. ते पाकीट तेवढं उघडलं नाही.

गावात आदल्या साली 'सोबत सभा' नावाची एक मंडळी निघाली होती. चालवणाऱ्या बाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, म्हणून टेलिफोनबाई. मोडलेली एक नाचाची शाळा त्यांनी भाड्याने घेतली होती. त्यांचा धर्म सोपा होता. कुणी मरत नाही, फक्त लाइन बदलते. 'मेला', 'वारला' हे शब्द त्या दारातून आत न्यायचे नाहीत. दर रविवारी सकाळी यायचं, भिंतीवरच्या आपल्या माणसाच्या फोटोसमोर उभं राहायचं आणि त्याला आठवड्याची खबर द्यायची. फोटो उघड्या डोळ्यांचाच हवा, नाहीतर ऐकणार कसं? नवीन येणाऱ्याने वर्षाच्या आत आपल्या माणसाचा फोटो आणून टांगायचा. गावात फोटोचं दुकान एकच. म्हणजे त्या भिंतीवरचे सगळे डोळे एकाच हातचे होते.

सभेची नियमावली छापायला आली तेव्हा खाडाखोड प्रूफ घेऊन तिथे गेला. एकेचाळीस चुका काढून नेल्या होत्या. अर्ध्या तासात परत येतो म्हणाला आणि जेवायच्या वेळेला आला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याही.

"काय हो," डोळेवालीने विचारलं, "मूळ प्रत दाखवली वाटतं त्यांनी?"

तो नुसता चष्मा पुसत बसला.

"म्हातारचळ," सासूबाई म्हणाल्या. "याच्या बापाला साठीत लागला होता. हा पंचेचाळिशीतच घाई करतोय. सूनबाई, एक सांगून ठेवते, मला नका टांगू तिथे. मी जिवंतपणी कुणाचं ऐकलं नाही, मेल्यावर काय ऐकणार?"

डोळेवालीला राग यायचा. रोज सकाळी मरण टेबलावर घेऊन बसणारी ती. तिला वाटायचं, या घरात खरं बघायची ताकद असेल तर ती आपल्यातच. लोक घाबरतात, म्हणून असल्या मंडळ्यांत शिरतात. आपला शहाणा नवराही त्यांतलाच निघाला.

असं करता करता वर्ष भरत आलं. एका संध्याकाळी त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "महिनाअखेर मुदत संपते माझी. फोटो नाही टांगला तर येणं बंद." मग टेबलाकडे बघत म्हणाला, "ठकीचे डोळे उघडशील?"

चार वर्षांनी ते नाव त्या खोलीत उच्चारलं गेलं. सासूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"नाही," डोळेवाली म्हणाली.

"एवढंच मागतोय."

"जे हवं ते मागा. हे नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण ज्याचं एकुलतं एक दार बंद व्हायला आलंय अशा माणसासारखं त्याचं तोंड झालं. रात्रभर तिला ते तोंड दिसत राहिलं. रविवारी तो गेल्यावर तिने चपला घातल्या. टेलिफोनबाईंना चार शब्द सुनवायचे आणि नवऱ्याला हाताला धरून घरी आणायचं, असं ठरवूनच ती निघाली.

दार उघडंच होतं. टेलिफोनबाई उंच स्टुलावर बसल्या होत्या, पूर्वी एक्स्चेंजमध्ये बसत असतील तशाच.

"कोणाशी बोलायचंय आपल्याला?" त्यांनी विचारलं.

डोळेवालीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर भिंतीवर गेली.

जिथे पूर्वी नाचाच्या शाळेचे आरसे होते, तिथे त्यांच्याच खिळ्यांवर ओळीने त्रेचाळीस फोटो होते. एकूणएक तिच्या टेबलावरून गेलेले. पण दुकानात ते एकेकटे यायचे. काम झालं की कागदात गुंडाळून जायचे. सगळे एकत्र तिने कधीच पाहिले नव्हते. खाली माणसं आपापल्या फोटोसमोर उभी राहून पाढे म्हटल्यासारखी पुटपुटत होती आणि वरून त्रेचाळीस चेहरे बघत होते. पाववाली म्हातारी, शाळेचा घंटावाला, एक तरणा खलाशी, एक तान्हं मूल. चेहरे त्रेचाळीस आणि डोळे एकच.

डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली. त्यामुळे त्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका वरून कापलेला, अर्धाच. उजवा पुरा, डावा अर्धा. म्हातारीत, खलाशात, तान्ह्यात, सगळ्यांत.

ठकीची डावी पापणी जन्मापासून जरा आळशी होती. काही मागायला आली की ती पापणी आणखी खाली यायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "लबाडा, अर्ध्या डोळ्याने काय बघतेस? पुऱ्या डोळ्याने माग."

डोळेवालीने दाराची चौकट धरली. मग तिला नवरा दिसला. तो एका मिशाळ माणसाच्या फोटोसमोर उभा होता. आगीच्या बंबावरचा जमादार, नात्याचा ना गोत्याचा. खाडाखोड हात मागे बांधून, मान जरा खाली वाकवून, आपल्या कमरेएवढ्या कुणाशी बोलावं तसा त्याच्याशी बोलत होता.

"...आणि आजीचा एक दात पडला. खालचा. काडेपेटीत ठेवलाय जपून. आई बरी आहे. दुकानाचं छप्पर अजून नीट झालेलं नाही, छत्रीखाली बसून काम करते. परवा पाऊस नसताना डोक्यावर उघडी छत्री धरून रस्त्याने घरी आली, तिच्या लक्षातच नाही. तू असतीस तर हसली असतीस."

टेलिफोनबाईंनी पुन्हा विचारलं, "कोणाशी?"

"राँग नंबर," डोळेवाली म्हणाली आणि निघून आली.

तो घरी आला तेव्हा ती चौथ्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र काढून नीट घडी घालत होती. वर न बघता तिने विचारलं, "कितव्या फोटोत कळलं?"

तो जागच्या जागी थांबला. मग हळूच खाली बसला. "तिसऱ्या. पहिल्यात वाटलं, भास. दुसऱ्यात वाटलं, योगायोग. तिसऱ्यात, त्या जमादाराच्या फोटोत, बघतो तर खिशातून पेन्सिल काढली होती मी. खूण करायला."

"म्हणजे पहिल्याच दिवशी. आणि वर्षभर मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू सुधारली असतीस," तो म्हणाला.

खाली कुलूपवाला कानस घासत होता. तिने वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं.

"खरं वाटतं तुम्हाला? ती तिथे आहे असं?"

"काय वाटतं ते तिथे कुणी विचारत नाही. म्हणून तर जातो. चार वर्षांत मी तिच्याशी एक वाक्य बोललो नव्हतो. इथे बोलायला लागलो असतो तर तुम्ही दोघींनी डॉक्टर आणला असता. तिथे चाळीस माणसं एकदम बोलतात, कुणी कुणाला वेडं म्हणत नाही." तो थोडा हसला. "जमादाराची बायको मात्र तक्रार करते. म्हणते, आमच्या ह्यांना तुमच्या आजीच्या दाताशी काय देणं-घेणं?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. माझा दात परपुरुषाला कशाला सांगायचा?" पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी डोळेवाली कामावर बसली. शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचा फोटो होता. पात्याने पापण्या काढल्या, पांढरं भरलं आणि कुंचला अडला. इतकी वर्षं हात आपोआप चालायचा. आता हाताला आपण काय करतो ते माहीत झालं होतं. तिने मुद्दाम वेगळे डोळे काढले, तर ते बटणांसारखे झाले. दुसऱ्या प्रतीवर माशासारखे. तिसरी प्रत फोटोवाल्यांनीच उचलून खिडकीपाशी धरली.

"वहिनी, हे डोळे घेऊन या बाई घरी गेल्या तर पोरं पलंगाखाली लपतील."

ती हसली नाही. टेबलाचं ड्रॉवर उघडून तिने पाकीट बाहेर काढलं. सकाळी येताना कपाटातून घेऊनच आली होती. फोटोवाल्यांनी ते लगेच ओळखलं, त्यांचीच मोहर होती. ते समोरच्या मोडक्या खुर्चीवर बसले.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "मी किती वेळा केलं होतं ते?"

"चार-पाच वेळा. मग मी तुमचा हात धरला."

त्या सकाळी ठकीचा डावा डोळा पुरता मिटत नव्हता. डोळेवाली अंगठ्याने पापणी खाली आणायची, धरून ठेवायची, सोडायची. पापणी पुन्हा एवढीशी वर. पुन्हा अंगठा, पुन्हा तेच. फोटोवाल्यांनी तिचं मनगट धरून म्हटलं होतं, "असू द्या, वहिनी. असू द्या." हे तिने चार वर्षांत एकदाही आठवू दिलं नव्हतं. अंगठा तेवढा पुसत राहिली होती.

तिने पाकीट फाडलं.

उशीवर ठकी. उजवा डोळा मिटलेला. डाव्यात पापणीखाली पांढरी रेघ, सुतासारखी. आणि त्या रेघेवर खिडकीचा उजेड पडून झालेला ठिपका. वरून कापलेला. अर्धा.

डोळेवाली भिंग लावून बघत राहिली. छत्रीच्या कापडावर वरून काचेचा एक बारीक तुकडा टपकला. तिला वाटलं होतं, आपल्या हातात ठकीची मागायची नजर राहिली आहे. पण ती नजर पुरी होती की अर्धी, त्यातला ठिपका कुठे असायचा, ते आता कोण सांगणार? हा ठिपका तर इथला होता. त्या सकाळचा. तिने त्रेचाळीस माणसांना तोच वाटला होता. आणि नवरा वर्षभर ज्या डोळ्यांना खबर देत होता, ते ठकीचे होते, की त्या न मिटलेल्या पापणीखालचे, हे तिला कळेना.

"उघडणार?" फोटोवाल्यांनी विचारलं. "ते म्हणत होते महिनाअखेर."

तिने कुंचला धुतला. पापणीचा रंग कालवला, जरा गुलाबी, जरा राखी. श्वास रोखला. इतक्या वर्षांच्या कामात पहिल्यांदाच तिने डोळा मिटायला कुंचला लावला. पांढऱ्या सुतावर रंग बसला, ठिपका त्याच्याखाली गेला, आणि पापणी राहिली तिथेच. वर आली नाही.

या वेळी तिने अंगठा पुसला नाही.

घरी आल्यावर फोटो नवऱ्यापुढे ठेवला. "हा घ्या. यापेक्षा जास्त मला जमणार नाही."

तो खूप वेळ बघत होता. सवयीने पेन्सिल काढली, बोटांत फिरवली, परत खिशात ठेवली. "चूक नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मेली ना गं आपली ठकी."

"हो," ती म्हणाली.

सासूबाई उठून आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

रविवारी तो फोटो घेऊन सभेत गेला. टेलिफोनबाईंनी तो हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला. आसपासची पुटपुट एकेक करून थांबली. जमादाराच्या बायकोने एकदा त्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा आपल्या नवऱ्याकडे, आणि तिच्या घशातून कसलासा आवाज निघाला. टेलिफोनबाईंनी घाईघाईने फोटो कागदात गुंडाळला. दटावून नाही, गयावया करून म्हणाल्या, "ही इथे नको हो. बाकीच्यांना ऐकू येईल."

तो फोटो घेऊन परत आला. चौथ्या खुर्चीच्या वर खिळा ठोकला. त्यानंतर रविवारी सकाळी तो तिथेच उभा राहून खबर द्यायचा, मोठ्याने. कुणी डॉक्टर आणला नाही. पुढे पुढे सासूबाई मध्येच दुरुस्त्या करायला लागल्या. "दात मंगळवारी पडला, बुधवारी नाही. लेकराला खोटं नको सांगूस." आणि एका रविवारी तो पडशाने झोपून होता, तेव्हा डोळेवालीच उठून उभी राहिली.

सासूबाई चार वर्षांनी गेल्या. त्यांनी आधीच दुकानात जाऊन डोळे वटारून फोटो काढून घेतला होता. त्यांच्या फोटोपुढून घाईने जायची कुणाची टाप नव्हती. ठकीच्या फोटोनंतर डोळेवालीने कुंचला धरला नाही. फोटोवाल्यांनी काही वर्षं डोळे स्वतः काढून पाहिले, मग नाद सोडला. लोक एव्हाना जिवंतपणीच फोटो काढू लागले होते. दम्याने त्यांना नेलं, तेव्हा त्यांचा एकही फोटो कुणाला सापडला नाही. टेलिफोनबाई चौऱ्याहत्तर साली वारल्या. हा शब्द त्यांच्या दारात म्हणायला कुणीच उरलं नव्हतं. सभा मोडली, फोटो ज्याच्या त्याच्या घरी गेले. खाडाखोड एक्क्याऐंशी साली गेला, सकाळी चहाच्या वेळी. डोळेवालीने त्याच्या पापण्यांवर अंगठा ठेवला. पहिल्याच वेळी मिटल्या. लागलं असतं तर आपल्याला आणखी एकदा करता आलं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

ती स्वतः पुष्कळ जगली. चालताना काठी आली, पण नजर शेवटपर्यंत शाबूत. गावातल्या कितीतरी घरांत ते डोळे अजून भिंतीवर होते. कुणाच्या घरी गेली तर ती भिंतीकडे पाठ करून बसायची.

एकदा जमादाराच्या नातसुनेने तिला चहाला बोलावलं. मिशाळ जमादार दरवाज्यावरून बघत होता. नातसुनेची मुलगी सहा-सात वर्षांची, आईच्या मागे उभी राहून पाहुणीच्या बशीतल्या बिस्किटाकडे बघत होती.

"सगळे म्हणतात, हिचे डोळे पणजोबांवर गेलेत," नातसून कौतुकाने म्हणाली. "तुम्ही फोटोच्या दुकानात होतात ना, आजी? तुम्हाला कळेल. बघा बरं."

मुलगी पुढे आली. डावी पापणी किंचित खाली होती. डोळेवालीने आधी फोटोकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा फोटोकडे. मुलीच्या दोन्ही डोळ्यांत खिडकीचा उजेड होता. डाव्यातला ठिपका पुरा आहे की अर्धा, हे बघायला तिने चष्म्याला हात लावला, आणि तो तसाच खाली घेतला.

"हो," ती म्हणाली आणि बिस्कीट मुलीच्या हातात दिलं. "अगदी त्यांच्यावरच गेलेत."